कॉम्प्युटरची पदवी झाली, आता वाट कशी निवडायची: कागदपत्रांपासून ऑफर लेटरपर्यंत

कॉम्प्युटरची पदवी हातात आली की घरात पहिला प्रश्न येतो, "आता कुठला क्लास लावायचा?" शेजारच्या मुलाने जावा केलं म्हणून जावा, कुणीतरी डेटा सायन्सचं नाव घेतलं म्हणून डेटा सायन्स. फी भरली जाते, सहा महिने जातात आणि मग चौकशी सुरू होते, की या कामाच्या नोकऱ्या आहेत कुठे आणि त्यांना आपण पात्र तरी आहोत का. फ्रेशर्सच्या मुलाखती घेताना अशी मुलं मला सतत भेटतात आणि वाईट वाटतं. बुद्धी असते, कष्टही केलेले असतात. फक्त शेवटी करायची गोष्ट सगळ्यात आधी करून झालेली असते.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. बी.ई. किंवा बी.टेक., बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स, बीसीए, एमसीए, सगळ्यांना ते लागू पडतात. जिथे पदवीप्रमाणे फरक पडतो, तिथे तसं सांगितलं आहे.

## १. पात्रता कागदावर उतरवा

एक कोरा कागद घ्या आणि पाच गोष्टी लिहा: पदवी तीन वर्षांची की चार, दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि पदवीचे टक्के, सध्या किती विषय राहिलेत, शिक्षणात गॅप किती, जन्मतारीख. पुढचे अर्धे निर्णय या कागदावरून होतात. आणि नेमकी हीच पायरी जवळपास सगळे गाळतात.

तीन आणि चार वर्षांचा फरक किती मोठा आहे ते बघा. सरकारी बँकांत आयटी ऑफिसर व्हायचं म्हणून अनेक बी.एस्सी. आणि बीसीए झालेली मुलं तयारीला लागतात. सरकारी बँकांची भरती घेणाऱ्या आयबीपीएसच्या स्पेशालिस्ट ऑफिसर परीक्षेत या पदासाठी संबंधित शाखेतली चार वर्षांची इंजिनिअरिंगची पदवी लागते, नाहीतर पदव्युत्तर पदवी. साधी पदवी असेल तर सोबत नायलिट (पूर्वीचं डोएक) या सरकारी संस्थेची 'बी' लेव्हल उत्तीर्ण असावं लागतं. वयाची मर्यादा २० ते ३०. म्हणजे नुसत्या बी.एस्सी.वर अर्जच बाद होतो, आणि अभ्यास मात्र वर्षभर झालेला असतो.

यूपीएससीबद्दलचा गैरसमजही असाच जुना आहे. यूपीएससीच्या इंजिनिअरिंग सर्व्हिसेस परीक्षेत सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन या चारच शाखा आहेत, कॉम्प्युटर नाही. सिव्हिल सर्व्हिसेसच्या मुख्य परीक्षेतही कॉम्प्युटर सायन्स हा वैकल्पिक विषय नाही. परीक्षा देता येते, पण वैकल्पिक विषय नव्याने शिकावा लागतो. एवढं माहीत करून घेऊन ज्यांना त्या वाटेने जायचं आहे त्यांनी जरूर जावं.

प्राध्यापक व्हायचं असेल तर इंजिनिअरिंग कॉलेजसाठी बी.ई.नंतर एम.ई. किंवा एम.टेक. लागतं. विज्ञान शाखेच्या कॉलेजात एम.एस्सी.ला ५५ टक्के आणि त्यावर नेट किंवा सेट. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं.

खाजगी कंपन्यांच्या कॅम्पस भरतीत "दहावी, बारावी, पदवी तिन्हीकडे ६० टक्के आणि चालू बॅकलॉग नको" ही अट वारंवार दिसते. एखादा आकडा कमी पडत असेल तर खचून जाऊ नका. लहान आणि मध्यम कंपन्या ही अट लावतीलच असं नाही. पण राहिलेला विषय आधी सोडवा. त्यापुढे नवा कोर्स महत्त्वाचा नाही.

तपासा: सीजीपीएचे टक्के करताना सरसकट ९.५ ने गुणू नका. ते सूत्र सीबीएसईच्या दहावीचं होतं. आपल्या विद्यापीठाचं सूत्र मार्कशीटच्या मागे किंवा परीक्षा विभागात मिळतं. फॉर्मवर एक टक्का आणि पडताळणीत दुसरा निघाला, तर निवड रद्द होऊ शकते.

सावधान: केंद्र सरकारच्या आणि सरकारी बँकांच्या नोकऱ्यांसाठी ओबीसीचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागतं आणि नॉन-क्रिमिलेअरची तारीख जाहिरातीत सांगितलेल्या मुदतीतली असावी लागते. राज्याच्या यादीतली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असं नाही. एसईबीसी हे महाराष्ट्राचं आरक्षण आहे, केंद्राच्या भरतीत ते चालत नाही. तहसील कार्यालयाचा अर्ज जाहिरात येण्याआधीच करून ठेवा.

## २. हातात किती महिने आहेत ते घरी बोलून ठरवा

हा टप्पा छोटा आहे आणि अवघडही, कारण पैशांचं बोलणं आपल्याकडे टाळलं जातं. शैक्षणिक कर्ज असेल तर हप्ता कधी सुरू होणार हे मंजुरीपत्रात पाहा. बहुतेक कर्जांत कोर्स संपल्यावर वर्षभराची सवलत असते, पण त्या काळातलं व्याज चढतच असतं.

आई-वडिलांना सरळ विचारा, "मी किती महिने न कमावता राहिलो तर चालेल?" उत्तर तीन-चार महिने असेल तर आत्ता नोकरी, मग तिथून पुढची उडी. वर्षभर असेल तर सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा डिप्लोमा किंवा गेट, म्हणजे एम.टेक.ची प्रवेश परीक्षा, यांचा विचार करता येतो. दोन-तीन वर्षं म्हणाले तरच एमसीए किंवा पूर्णवेळ स्पर्धा परीक्षा करा, आणि स्पर्धा परीक्षा असेल तर थांबण्याची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा.

## ३. चारपैकी एक वाट धरा

एका वेळी एक. "गेटही देतो, प्लेसमेंटही बघतो, बँकेचाही फॉर्म भरतो" असं म्हणणाऱ्यांची कुठलीच तयारी पुरी होत नाही. दुसरा पर्याय मनात असू द्या, वेळापत्रकात नको.

पहिली वाट: थेट नोकरी. "आयटीत जायचं" हे उत्तर पुरेसं नाही. आत वेगवेगळी कामं आहेत आणि प्रत्येकाची तयारी वेगळी.

डेव्हलपमेंटला जागा सगळ्यात जास्त आणि गर्दीही सगळ्यात जास्त. टेस्टिंगला दुय्यम समजणं ही मोठी चूक आहे. ऑटोमेशन टेस्टिंगमध्ये रोज कोडच लिहावा लागतो आणि एखादी गोष्ट कुठे मोडेल हे ओळखणारी नजर फार कमी जणांकडे असते. सपोर्टची नोकरी लवकर मिळते, रात्रपाळी असते, आणि दोन-तीन वर्षं तिथेच काढली तर डेव्हलपमेंटला वळणं जड जातं. घ्यायची तर घ्या, पण पहिल्या दिवसापासून स्क्रिप्ट लिहायला आणि डेटाबेसची कामं मागून घ्यायला लागा. क्लाउड आणि डेवऑप्सला (सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवून चालतं ठेवण्याचं काम) लिनक्स आणि नेटवर्किंग पक्कं लागतं. नुसतं सर्टिफिकेट असलेल्याला फाइलच्या परवानग्यांची साधी अडचण सोडवता येत नाही, हे मुलाखतीत लगेच कळतं. सायबर सिक्युरिटीची सुरुवात बहुधा सुरक्षा केंद्रात पाळीने लॉग, म्हणजे यंत्रणेच्या नोंदी, बघण्यापासून होते.

डेटा सायन्सबद्दल स्पष्ट सांगतो. "डेटा सायंटिस्ट" या नावाच्या जागा बहुतांशी अनुभव किंवा मास्टर्स मागतात. पदवीवर दार उघडतं ते डेटा ॲनालिस्ट आणि डेटा इंजिनिअरचं, आणि तिथे पहिली परीक्षा एसक्यूएलची, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेची असते.

पुण्याच्या मुलांच्या डोळ्यांसमोर असून न दिसणारी एक वाट म्हणजे वाहन उद्योगाचं सॉफ्टवेअर. पिंपरी-चिंचवड आणि चाकणमुळे हे काम इथे आहे. सी भाषा, मायक्रोकंट्रोलर आणि गाडीतले भाग एकमेकांशी बोलतात तो कॅन प्रोटोकॉल, एवढ्यावर सुरुवात होते. सी शिकून बाजूला टाकणाऱ्या मुलांनी याकडे जरूर बघावं. दुसरी तशीच वाट जपानी भाषेची. जेएलपीटी परीक्षा वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. एन-५ ही सगळ्यात सोपी पातळी, पण कामासाठी एन-३ आणि त्यापुढचंच मोजलं जातं. दीड-दोन वर्षं सलग द्यायची तयारी असेल तरच सुरू करा.

दुसरी वाट: पुढचं शिक्षण. बी.एस्सी. आणि बीसीएनंतर दोन वर्षांचं एमसीए हा सरळ मार्ग आहे. राज्याच्या सीईटीसाठी गणिताची अट आपल्या पदवीला लागू होते का, ते आधी बघा. एनआयटीतल्या एमसीएसाठी निमसेट ही प्रवेश परीक्षा वेगळी.

सी-डॅकचे पीजी डिप्लोमा साधारण सहा महिन्यांचे असतात. बॅचेस फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये सुरू होतात, प्रवेश सी-कॅट परीक्षेच्या रँकवर मिळतो. पीजी-डॅक या सॉफ्टवेअरच्या कोर्ससाठी परीक्षेचे ए आणि बी विभाग, तर एम्बेडेड सिस्टिम्सच्या कोर्ससाठी सी विभागही द्यावा लागतो. फॉर्म भरताना विभाग चुकीचा निवडला तर हवा तो कोर्स यादीतच येत नाही. तीन वर्षांच्या पदवीवर सगळे कोर्स मिळत नाहीत, त्यामुळे माहितीपुस्तिकेतलं पात्रतेचं पान स्वतः वाचा.

गेट फेब्रुवारीत होते, अर्ज त्याआधी पाच-सहा महिने निघतात. १०० गुण, ६५ प्रश्न, तीन तास. त्यात १५ गुण सामान्य कलचाचणीचे आणि १३ गणिताचे, म्हणजे २८ गुण मुख्य विषयाबाहेरचे. मुलं नेमके हेच शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. एकच पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नांना उणे गुण आहेत. आकडा लिहायच्या आणि अनेक पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नांना नाहीत, त्यामुळे ते कोरे सोडू नका. स्कोअर तीन वर्षं चालतो. २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपरही आहे. गेटवर एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर पात्र विद्यार्थ्यांना महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं.

तिसरी वाट: सरकारी नोकरी. बँकांचे आयटी ऑफिसर, एनआयसी (केंद्र सरकारची आयटी संस्था), इस्रो, राज्याच्या परीक्षा. पहिल्या टप्प्यातला कागद इथे पुन्हा काढा. इस्रोच्या शास्त्रज्ञ-अभियंता पदासाठी, उदाहरणार्थ, बी.ई.ला ६५ टक्के किंवा ६.८४ सीजीपीए मागितला जातो. या जाहिराती दरवर्षी ठरलेल्या महिन्यात येतीलच असं धरून चालू नका.

चौथी वाट: परदेश. थोडक्यात सांगतो, कारण हा वेगळा मोठा विषय आहे. जर्मनीला जायचं तर नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं प्रमाणपत्र लागतं. आधी ते, मग व्हिसा. अमेरिकेत एमएसनंतर वर्षभर काम करायची परवानगी असते, तंत्रशाखांना आणखी २४ महिने मिळतात, आणि त्यापुढचा एच-१बी हा नोकरीचा व्हिसा सोडतीवर अवलंबून असतो. कर्ज किती घ्यायचं हे ठरवताना सोडतीत नाव लागेलच असं गृहीत धरू नका.

तपासा: निवडलेली वाट एका वाक्यात लिहिता येते का? "मी डिसेंबरपर्यंत पुण्यात ऑटोमेशन टेस्टिंगची नोकरी मिळवणार." असं वाक्य जमत नसेल तर पुढे जाऊ नका.

## ४. जाहिराती वाचा, फी नंतर भरा

निवडलेल्या कामाच्या किमान तीस जाहिराती जमा करा, शून्य ते दोन वर्षं अनुभवाच्या. प्रत्येकीतली कौशल्यं एका वहीत उतरवा आणि कुठलं किती वेळा आलं ते मोजा. दोन संध्याकाळचं काम आहे. ही मोजणी म्हणजेच तुमचा अभ्यासक्रम. वीसहून अधिक जाहिरातींत असलेलं आधी, पाच-सहांत असलेलं नंतर, एखाद-दुसऱ्यात असलेलं सोडून द्या.

आता क्लासच्या माहितीपत्रकाशेजारी ही वही ठेवा. कितीतरी वेळा दिसेल, की निम्मा अभ्यासक्रम जाहिरातींत नाहीच, आणि जे सगळीकडे आहे, म्हणजे एसक्यूएल, गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन), लिनक्सच्या आज्ञा, ते फुकट शिकता येतं. क्लास लावणं चूक नाही. शिस्त लागते, सोबत मिळते. पण काय विकत घेतोय ते कळल्यावर घ्या.

सावधान: "१०० टक्के प्लेसमेंट" म्हणणाऱ्याकडे मागच्या बॅचच्या मुलांशी बोलायला मागा. अनुभवाचं खोटं पत्र देतो म्हणणाऱ्याच्या दारातून परत फिरा. पीएफच्या यूएएन खात्यात कुठल्या कंपनीने कधीपासून कधीपर्यंत पैसे भरले ते दिसतं आणि पडताळणीत कंपन्या ते बघतात. पकडलं गेलं तर मिळालेली नोकरीही जाते.

## ५. एकच प्रोजेक्ट, पण खरा

लायब्ररी मॅनेजमेंट आणि ओटीटीच्या नकला आता बाजूला ठेवा. व्हिडिओ बघून बनवलेला प्रोजेक्ट दोन प्रश्नांत उघडा पडतो. कोड लिहून देणारी एआय साधनं आल्यापासून मुलाखतीत "काय बनवलं" यापेक्षा "हे असं का केलं" हेच जास्त विचारतात.

आसपासचं एखादं काम घ्या. गावच्या दूध संकलन केंद्राचं बघा. सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाचं दूध मोजलं जातं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) लागतो, दरपत्रकावरून भाव ठरतो, दहा दिवसांनी बिल निघतं आणि त्यातून पशुखाद्याची उचल कापली जाते. वरवर सोपं दिसतं. पण दहा दिवसांच्या मधेच दरपत्रक बदललं तर? जुन्या नोंदींना जुनाच भाव लागला पाहिजे, म्हणजे दराला तारीख जोडावी लागेल. नेट गेलं आणि परत आल्यावर तीच नोंद दोनदा चढली तर? संध्याकाळची नोंद चुकली आणि बिल निघाल्यावर लक्षात आलं तर दुरुस्तीचा माग कसा राहील? रक्कम रुपयांच्या दशांशात साठवायची की पूर्ण पैशांत? या प्रश्नांची उत्तरं स्वतः शोधलेला मुलगा मुलाखतीत अर्धा तास अडखळत नाही.

डेटाच्या वाटेवर असाल तर ॲगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर बाजार समित्यांचे रोजचे भाव मिळतात. लासलगावच्या कांद्याचे भाव रोज आपोआप गोळा करा, सुट्टीचे दिवस आणि चुकलेले आकडे हाताळा, एका तक्त्यावर दाखवा. टेस्टिंगवाल्यांनी एखाद्या सार्वजनिक संकेतस्थळाच्या फॉर्मच्या चाचण्या लिहाव्यात आणि सापडलेले दोष नीट नोंदवावेत. थोडं पुढे गेलेल्यांनी ओपन सोर्समध्ये हात घालावा. गूगल समर ऑफ कोड २०२२ पासून विद्यार्थी नसलेल्या नवशिक्यांनाही खुलं आहे.

तपासा: अनोळखी माणसाला दुवा दिला तर त्याला प्रोजेक्ट चालवून बघता येतो का? माहितीच्या फाइलमध्ये हा कशासाठी आहे आणि कसा चालवायचा हे लिहिलंय का? गिटच्या इतिहासात सगळा कोड एकाच दिवशी चढवलेला दिसत असेल, तर समोरच्याला शंका येते आणि ती रास्त असते.

## ६. रेझ्युमे

एक पान. वडिलांचं नाव, जात, पूर्ण पत्ता, सही, प्रतिज्ञा, यातलं काही नको. वर नाव, फोन, ईमेल, गिटहबचा दुवा. मग कौशल्यं, प्रोजेक्ट, शिक्षण. प्रत्येक प्रोजेक्टखाली तुम्ही स्वतः काय केलं ते लिहा, "आम्ही" नको.

जे लिहाल त्यावर प्रश्न येणारच. पायथन, जावा, सी++, आर आणि रस्ट अशी रांग लावलेल्या मुलाला मी त्यातली सगळ्यात कमी येणारी भाषाच विचारतो, आणि माझ्यासारखे बरेच जण आहेत. दोन भाषा लिहा, त्या पक्क्या ठेवा.

## ७. अर्ज आणि मुलाखत

नोकरीच्या पोर्टलवर रोज शंभर ठिकाणी बटण दाबण्यापेक्षा आठवड्याला दहा विचारपूर्वक अर्ज करा. सगळ्यात जास्त उपयोग होतो ओळखीतून झालेल्या शिफारशीचा. कॉलेजच्या दोन-तीन वर्षं पुढच्या मुलांना लिहा, पण "सर, काही जॉब असेल तर सांगा" असं नको. कंपनीचं नाव, जाहिरातीचा क्रमांक, रेझ्युमे आणि "मी या जागेसाठी का योग्य आहे" हे दोन ओळींत द्या. शिफारस करणाऱ्याला पुढे ढकलण्यापलीकडे काही करावं लागू नये.

अनुभव मिळत नसेल तर केंद्र सरकारच्या एनएटीएस योजनेतली वर्षाची अप्रेंटिसशिप बघा. पदवीधरांसाठी आहे, विद्यावेतन मिळतं, आणि पडताळणीत टिकणारा खरा अनुभव मिळतो. कितीतरी मुलांना ती माहीतच नसते.

मुलाखतीची तयारी मोठ्याने बोलून करा. कोड येतो पण सांगता येत नाही, ही मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची नेहमीची अडचण. रोज एक प्रश्न सोडवताना आपण काय करतोय ते इंग्रजीत बोला, फोनवर रेकॉर्ड करा, ऐका. व्याकरण चुकलं तर चालतं, गप्प बसलं की समोरच्याला काहीच कळत नाही.

तपासा: वीस-पंचवीस अर्ज करून एकही फोन आला नाही तर रेझ्युमेत किंवा वाट निवडण्यात अडचण आहे, सहाव्या आणि तिसऱ्या टप्प्यावर परत जा. फोन येतात पण पहिल्या फेरीत बाहेर पडत असाल तर पाया कच्चा आहे. कुठे अडतंय हे न बघता नवा कोर्स लावू नका.

## ८. ऑफर लेटर वाचा, मगच सही करा

सीटीसीचा आकडा, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, हा पगार नव्हे. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, विमा आणि कामगिरीवर मिळणारी रक्कम धरलेली असते. ग्रॅच्युइटी साधारण पाच वर्षं झाल्याशिवाय हातात येत नाही. एचआरला एकच प्रश्न विचारा: "दर महिन्याला खात्यात किती जमा होतील?" महाराष्ट्रात व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपयांपर्यंत कापला जातो, महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००. महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो माफ आहे.

बाँड असेल तर मुदत, रक्कम आणि नोटीस पिरियड या तीन गोष्टी पत्रात शोधा. तोंडी सांगितलेलं धरू नका.

सावधान: मूळ मार्कशीट किंवा पदवी प्रमाणपत्र कंपनीकडे ठेवायला देऊ नका. पडताळणीसाठी दाखवा, साक्षांकित प्रत द्या, मूळ परत घ्या. नोकरीसाठी नोंदणी, लॅपटॉप किंवा ट्रेनिंगच्या नावाने कुणी पैसे मागितले तर तिथेच थांबा. ऑफर ज्या ईमेलवरून आली ते कंपनीच्या अधिकृत डोमेनचं आहे का बघा आणि कंपनीच्या संकेतस्थळावरच्या क्रमांकावर फोन करून खात्री करा.

रुजू होण्याची तारीख पत्रात नसेल तर ती लेखी मागा, आणि ती येईपर्यंत बाकीचे अर्ज चालू ठेवा. ऑफर मिळूनही महिनोन् महिने बोलावणं न आलेली मुलं असतात, आणि त्या काळात त्यांनी दुसरीकडे अर्ज करणं थांबवलेलं असतं.